मोगली नक्की कोणाचा?

ताई,

माझा मुलगा साडेसात वर्षांचा आहे. अकरा महिन्यांचा असताना आम्ही त्याला दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेतून दत्तक घेतलं. त्याला अजून नीट सांगितलेलं नाही. सांगू सांगू म्हणत वर्षं गेली. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या नवऱ्याने स्वतःच्या लहानपणची ‘जंगल बुक’ मालिका शोधून काढली, दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची ती. बापलेक रोज जेवताना एक भाग बघतात आणि झोपताना नवरा त्याला मूळ पुस्तकातल्या गोष्टी सांगतो. मुलाला लांडग्यांनी वाढवलेल्या त्या मोगलीचं वेड लागलंय.

आता रोज रात्री एक खेळ चालतो. जेवणाच्या टेबलावरून चादर सोडायची, ती गुहा. मी लांडगीण, तो पिल्लू. नवऱ्याने बाहेरून शेरखान वाघ होऊन, मालिकेतल्या नाना पाटेकरांच्या आवाजात ‘माझी शिकार मला द्या’ म्हणायचं, आणि मी ‘नाही देणार, हा माझा आहे’ म्हणायचं. ‘अजून जोरात म्हण,’ असं सांगून तो पाच-पाच वेळा म्हणायला लावतो. आधी मजा वाटली. आता ते म्हणताना माझा घसा दाटून येतो.

मागच्या आठवड्यात एका साखरपुड्याला नवऱ्याची आत्या म्हणाली, ‘हा बघा, आमचा मोगली आला.’ दोघं-तिघं हसले. परत येताना गाडीत त्याने विचारलं, ‘आत्याआजी मला मोगली का म्हणाली?’ मी म्हटलं, ‘तुला मोगली आवडतो ना, म्हणून.’ तो गप्प झाला. रात्री अंधारात म्हणाला, ‘मोगलीची खरी आई त्याला शोधायला का नाही आली?’ मला उत्तर देता आलं नाही.

सासूबाई म्हणतात, ती मालिका आधी बंद करा, दहावी झाल्यावर काय ते सांगू. नवरा म्हणतो, कार्टून आहे, तू फार विचार करतेस. ताई, बंद करू का? मे महिन्यात पेंचच्या जंगलात जायचं बुकिंग आहे, तेही रद्द करू का?

– एक आई, नागपूर

---

प्रिय मैत्रिणी,

मालिका बंद करू नका. पेंचचं बुकिंगही रद्द करू नका. पण तुमच्या मुलाशी बोलायचं मात्र आता लांबवू नका. दहावीपर्यंत नाही, मे महिन्यापर्यंतही नाही. हे पत्र वाचल्यावर जो पहिला निवांत रविवार येईल, त्या दिवशी बोला.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दर वेळी त्या टेबलाखालच्या गुहेपाशी थांबले. साडेसात वर्षांचं मूल रोज रात्री आईला तेच वाक्य म्हणायला लावतं आणि वर ‘अजून जोरात’ म्हणतं. त्याला काही कळलेलं नाही, असं तुम्हाला खरंच वाटतं का? मला नाही वाटत. शब्द त्याच्याकडे नाहीत, पण प्रश्न आहे, आणि तो विचारायला त्याला ही गुहा सापडली. तुम्ही रोज त्याला उत्तर देताय. फक्त ते लांडगिणीच्या तोंडून जातंय, त्याच्या आईच्या तोंडून नाही.

ही मालिका माझ्या चांगल्या ओळखीची आहे. १९९३ साली ती दूरदर्शनवर लागायची, तेव्हा माझा मुलगा सहा वर्षांचा होता. गुलजारांचं ते गाणं, विशाल भारद्वाजांची चाल, आणि गाणं सुरू झालं की शेजारची चार पोरं चपला दारात टाकून आमच्या हॉलमध्ये. रविवारी सकाळी पोहे उशिरा व्हायचे, कारण मीही बघत बसायचे. मालिका जपानची आहे, निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने १९८९-९० मध्ये तिकडच्या टीव्हीसाठी केलेली, ५२ भागांची. आता मूळ लेखक किपलिंगच्या ‘जंगल बुक’च्या दोन पुस्तकांत मोगलीच्या गोष्टी किती? तीन १८९४ च्या पहिल्या पुस्तकात आणि पाच १८९५ च्या दुसऱ्या पुस्तकात. आठ गोष्टींचे ५२ भाग करायचे म्हणजे मधली जागा भरावी लागणार. जपान्यांनी ती घराने भरली. लांडग्यांचं घर, भावंडांची भांडणं, शिकार मिळाली नाही तो दिवस, कोण रुसलं, कोणाला लागलं. पुस्तकात लांडगीण आई थोडीच येते, पण जेव्हा येते तेव्हा अंगावर काटा येतो. मालिकेत ते घर रोजचं आहे.

म्हणूनच तुमच्या मुलाला ती इतकी धरून ठेवतेय, असं मला वाटतं. जिथे आई आणि मूल एकमेकांसारखे दिसत नाहीत, आणि तरीही ते घर आहे, जेवण आहे, रागावणं आहे, असं घर त्याने पडद्यावर याआधी कुठे पाहिलं असेल? ते त्याच्याकडून काढून घेऊ नका. आत्ता बंद केलीत तर त्याला एकच गोष्ट कळेल: मी खरी आई म्हणालो आणि मोगली गेला. पुन्हा तो विचारणार नाही. विचारणं थांबलं म्हणजे प्रश्न संपला असं होत नाही.

सासूबाईंचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. त्यांच्या पिढीने ज्या घरांत दत्तक पाहिलं, तिथे गप्प राहणं हीच माया समजली जायची. मूल दुखावू नये, लोकांनी बोलू नये, म्हणून सगळ्यांनी तोंड मिटायचं. माझ्या एका मावसभावाच्या बाबतीत असंच झालं. त्याला एकोणिसाव्या वर्षी कळलं, तेही घराच्या वाटणीवरून थोरल्यांची भांडणं चालली असताना, कोणीतरी रागाने बोललं म्हणून. पुष्कळ वर्षांनी तो मला म्हणाला, ‘दत्तक घेतलं याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. पण आपल्या आख्ख्या खानदानाला माहीत होतं, दूधवाल्याला माहीत होतं, आणि माझ्याबद्दलची गोष्ट मला एकट्याला माहीत नव्हती.’ त्याने त्यानंतर आईवर प्रेम केलं, तिची सेवाही केली. पण तिने सांगितलेली कुठलीच गोष्ट पूर्ण खरी मानायला तो पुन्हा कधी धजला नाही. साखरपुड्याला किती जणांना माहीत होतं, ते मोजा एकदा. आत्याबाई हसत बोलून गेल्या. पुढचा कोण कसं बोलेल, ते तुमच्या हातात नाही. आधी कोण सांगणार, एवढंच आज तुमच्या हातात आहे.

या गोष्टी लिहिणाऱ्याची गोष्टही यात येते, म्हणून सांगते. रडयार्ड किपलिंग मुंबईचा. १८६५ साली जे. जे. कला विद्यालयाच्या आवारात जन्मला, वडील तिथेच शिकवायचे. पाच वर्षांचा असताना त्याला आणि तीन वर्षांच्या बहिणीला आईवडिलांनी इंग्लंडला नेलं, साउथसी नावाच्या गावात पैसे घेऊन मुलं सांभाळणाऱ्या एका अनोळखी घरात ठेवलं आणि ते भारतात परतले. जवळजवळ सहा वर्षं. त्या काळी इंग्रज कुटुंबांत ही रीतच होती. पण मुलांना आधी काही सांगितलंच नव्हतं. त्या बहिणीने मोठेपणी लिहून ठेवलंय, की आम्हाला कसली तयारी नव्हती, कोणी समजावलं नव्हतं. किपलिंग त्या घराचा छळ आयुष्यभर विसरला नाही. आणि पुढे अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात, पहिल्या लेकीच्या जन्माच्या सुमारास हाच माणूस गोष्ट लिहायला बसला, तेव्हा काय लिहिलं? एक उघडं, नुकतंच चालायला लागलेलं मूल एका परक्या गुहेत येतं, आणि तिथली आई म्हणते, हा माझा.

तुमचे यजमान मुलाला ती गुहेची गोष्ट सांगतात, ते उत्तम करतात. त्यांना एक सांगा. शेरखान गुहेच्या तोंडाशी येतो, तेव्हा आधी बाप लांडगा बोलतो, पण झेप घेऊन पुढे होते ती आई. तिचं नाव रक्षा. किपलिंगच्या मनात या नावाचा अर्थ राक्षसी असा होता. आपल्या कानाला मात्र ‘रक्षा’ म्हटलं की रक्षण करणारीच ऐकू येते, आणि त्या प्रसंगात ती दोन्ही आहे. पण मुद्दा असा, की त्या वेळी बाप लांडगाही गुहेच्या आतच असतो. बाहेर फक्त शेरखान. म्हणून उद्यापासून तुमच्या खेळात एवढा बदल करा: बाबांनी चादरीच्या आत यायचं. त्यांची नाना पाटेकरांची नक्कल कितीही छान असली, तरी ‘त्याला माझ्याकडे द्या’ हे बाबांच्या तोंडून रोज यायला नको. शेरखानाचं काम लोडाला द्या. ‘हा आमचा आहे’ हे दोन आवाजांत ऐकू येऊ दे.

आता सांगायचं कसं. तेही मी याच पुस्तकातून घेणार आहे, कारण तुमचा मुलगा सध्या याच भाषेत विचार करतोय.

पहिल्याच गोष्टीत बघीरा, तो काळा बिबट्या, मोगलीला एकट्याला बाजूला घेतो. मोगलीला एक अवघड गोष्ट सांगायची आहे: तू माणसाचं पिल्लू आहेस, आणि टोळीतल्या काही जणांना ते खुपतं. पण बघीरा ती एकदम पूर्ण सांगत नाही. आधी स्वतःची मान वर करतो आणि म्हणतो, माझ्या जबड्याखाली हात लाव. मोगली चाचपतो. त्या काळ्या मऊ कातडीवर एक जागा अशी, जिथे केस नाहीत. मग बघीरा सांगतो, हा पट्ट्याचा व्रण आहे. मी उदयपूरला राजाच्या पिंजऱ्यात जन्मलो, माझी आई तिथेच मेली, आणि हे आख्ख्या जंगलात कोणाला माहीत नाही. त्यानंतर तो मोगलीचं मोगलीला सांगतो.

मैत्रिणी, तुम्हीही तसंच करा. त्याच्या जन्मापासून सुरुवात करू नका. तुमच्यापासून करा. तुम्ही दोघं किती वाट बघत होता. संस्थेतून फोन आला तेव्हा तुम्ही कुठे होता, हातात काय होतं. त्या दिवशी कुठली साडी नेसली होती. पहिल्यांदा घेतलं तेव्हा तो रडला का, की टक लावून बघत राहिला. तुम्हाला भीती वाटली का, की हा माझ्याकडे येईल की नाही? तेही सांगा. रात्रीच्या रेल्वेत कोण जागं राहिलं, आजीने दारात काय ओवाळलं. हा तुमचा पट्ट्याचा व्रण. त्याला हात लावू द्या. त्या दिवसाचा एखादा झबला, एखादं दुपटं जपून ठेवलं असेल, तर ते बाहेर काढा.

आणि मग साध्या, लहान वाक्यांत: ‘तू माझ्या पोटात वाढला नाहीस. दुसऱ्या एका आईच्या पोटात वाढलास. तिने तुला जन्म दिला. तिला तुला सांभाळता येणार नव्हतं. मग तू काही महिने बाळांना सांभाळणाऱ्या मावशींकडे होतास, आणि अकरा महिन्यांचा झाल्यावर आमच्याकडे आलास. याला दत्तक म्हणतात. तेव्हापासून मी तुझी आई आहे, हा तुझा बाबा आहे, आणि हे बदलत नाही.’ यापेक्षा जास्त त्या दिवशी बोलू नका. त्याला बोलू द्या, किंवा खेळायला जाऊ द्या. ‘बरं’ म्हणून तो सायकल काढून निघूनही जाईल. तुमचे हात थरथरत असताना तो असा गेला, तर मन खट्टू होऊ देऊ नका. चार दिवसांनी दात घासताना विचारेल.

‘खरी आई’ हा शब्द त्याने वापरला, कारण दुसरा शब्द त्याला कोणी दिला नाही. त्याला रागावू नका, दुरुस्तही करत बसू नका. तुम्ही मात्र ‘जन्म देणारी आई’ म्हणा, चारदा ऐकला की तो शब्द त्याचा होईल. ‘तुला टाकलं’, ‘तू सापडलास’ हे शब्द नकोत. ‘तू किती नशीबवान’ हेही नको. मुलाने आपलंच घर मिळाल्याबद्दल कोणाचे उपकार का मानावेत? आणि त्या दुसऱ्या बाईबद्दल एकही वाईट शब्द नको, सासूबाईंकडूनही नको. तो तिचा अंश आहे. तिला बोललेलं सगळं त्याला लागतं.

‘ती शोधायला का नाही आली’ याचं उत्तर मोगलीपुरतं पुस्तकात आहे. शेरखानाने एका लाकूडतोड्याच्या तळावर झडप घातली, त्या पळापळीत ते मूल मागे राहिलं. ते कोणी टाकलेलं नव्हतं. हे मुलाला जरूर सांगा. पण इथेच मोगलीला थांबवा. ‘तुझंही असंच झालं असेल’ म्हणू नका, कारण तसं झालेलं नाही, आणि तो एक दिवस कागद वाचणार आहे. संस्थेने तुम्हाला त्याचा अभ्यास अहवाल दिला असेल, वैद्यकीय अहवाल दिला असेल. ते काढून एकदा दोघांनी शांतपणे वाचा. जे लिहिलंय ते त्याच्या वयाला झेपेल तसं थोडं थोडं द्या. जे लिहिलेलं नाही, तिथे ‘मलाही माहीत नाही रे’ म्हणा. एवढ्या लहान मुलालाही आईचं ‘माहीत नाही’ खरं आहे की पळवाट, ते कळतं. पुढे मोठा झाल्यावर स्वतःचं मूळ शोधावंसं वाटलं, तर त्याची वाट दत्तकाच्या नियमांत आहे, आणि तुम्ही त्याच्याबरोबर असाल, हेही कधीतरी सांगा. आज नाही.

गोष्टीतला एक भाग मात्र मी तुमच्या जागी असते तर बोलणं होईपर्यंत पुढे ढकलला असता. पहिल्याच गोष्टीच्या शेवटी, टोळीचा म्होरक्या अकेला म्हातारा झाल्यावर, तरुण लांडगे शेरखानाच्या नादाने मोगलीला टोळीबाहेर काढतात. मग तो माणसांच्या गावात जातो, आणि तिसऱ्या गोष्टीत गावही त्याला दगड मारून हाकलतं. दोन्हीकडून. माझ्या मुलाला हे ऐकताना फक्त शेरखानाचा राग आला होता. तुमच्या मुलाला वेगळीच भीती वाटू शकते: मलाही परत पाठवतील का? त्याने विचारलं नाही तरी याचं उत्तर आपणहून द्या. आणि ते नुसतं मायेचं उत्तर नाही, कायद्याचं आहे. बाल न्याय कायदा, २०१५ अगदी स्पष्ट आहे. दत्तकाचा आदेश झाला त्या दिवसापासून मूल सर्व अर्थांनी दत्तक आईवडिलांचं, सगळ्या हक्कांसह. हक्काने, नावाने, वारसाने. मुलांना कागद फार आवडतात. तो आदेश त्याला दाखवा, तुमच्या तिघांची नावं कुठे आहेत ते बोट ठेवून दाखवा. लांडग्यांच्या सभेत पुन्हा पुन्हा मतं घेता येतात. इथे सभा एकदाच झाली, आणि ती उठली.

याच कारणासाठी १९६७ चा डिस्नेचा चित्रपट सध्या लावू नका. तो गोड आहे, गाणी छान आहेत, पुढे कधीतरी जरूर बघा. पण त्यात सुरुवातीलाच लांडगे ठरवतात की याला माणसांत परत पाठवायचं, आणि मग सगळा चित्रपट म्हणजे त्याला पोचवायला जाण्याचा प्रवास. तुमच्या घरी या महिन्यात तो नको. जपानी मालिकेत लांडग्यांचं घर रोज दिसतं.

सभेचं निघालंच आहे, तर सासूबाईंसाठी एक विनंती. पुस्तकातला नियम असा आहे, की पिल्लाला टोळीत घ्यावं की नाही यावर वाद झाला, तर आईबाप सोडून आणखी दोघांनी त्याच्या बाजूने बोलायला हवं. बल्लू अस्वल उभं राहून बोलतं. बघीरा नुकताच मारलेला एक बैल देऊ करतो. आईबापाचा शब्द धरत नाहीत, बाहेरचे दोन लागतात. तुमच्या घरात तो पहिला शब्द आजीचा असू दे. रविवारी तुमचं बोलणं झाल्यावर तो आजीकडे जाईल, जाणारच, मुलं दुसऱ्याकडे खात्री करून घेतात. तेव्हा आजीने फक्त एवढं म्हणायचं, ‘हो, मला माहीत आहे. तू आलास त्या दिवशी मी दारातच उभी होते.’ त्यांना आधी विश्वासात घ्या, परवानगी मागायला नाही, मदत मागायला जा. त्यांना भीती वाटतेय ती नातू दुरावण्याची, आणि ती मायेचीच आहे. गप्प बसायला सांगितल्यापेक्षा काहीतरी काम दिलं तर आजी लोक फार लवकर आपल्या बाजूने येतात.

आत्याबाईंशी तुमच्या यजमानांनी बोलायचं. तुम्ही नाही. त्यांची आत्या आहे, आणि सुनेने बोललं की विषय मोगलीचा राहत नाही. लांबलचक नको. ‘आत्या, तू त्याला मोगली म्हणालीस ते त्याला लागलं. त्याला आम्ही सगळं सांगतोय. पुन्हा म्हणू नकोस.’ मोगली हे नाव घरातल्या गुहेतलं आहे. ते बाहेर कोणी वापरायचं की नाही, ते तो ठरवेल. आणि यजमानांना माझा एक निरोप: तुम्ही आठ-नऊ वर्षांचे असताना जे तुम्हाला सगळ्यात आवडलं, ते तुम्ही मुलाला दिलंत. त्या कार्टूनने तुमच्या मुलाच्या मनातलं जे बाहेर काढलं, ते फार मोठं आहे. बायको जास्त विचार करत नाहीये. ती ऐकतेय.

गाडीतलं ते उत्तर, ‘तुला मोगली आवडतो म्हणून’, त्याबद्दल स्वतःला दोष देत बसू नका. पण रविवारी ते परत घ्या. ‘त्या दिवशी गाडीत मी तुला नीट उत्तर दिलं नाही, मला काय बोलावं सुचलं नाही. आज देते.’ आईला परत येऊन खरं सांगता येतं, हे त्याला एकदा दिसू दे.

मोगलीला दोन आया आहेत, हे तुमच्या यजमानांनी सांगितलं असेल की नाही, माहीत नाही. गावात मेसुआ नावाची बाई आहे. तिचा नाथू वाघाने नेला होता. मोगलीला बघून ती त्याचे पाय चाचपते आणि म्हणते, या पायांनी कधी जोडा घातलेला नाही, पण तू माझ्या नाथूसारखा दिसतोस. तो तिचाच आहे की नाही, हे किपलिंग शेवटपर्यंत नक्की सांगत नाही. मोगली तिने दिलेलं दूध पितो, तिला संकटातून सोडवतो, तिच्यावर माया करतो. आणि रक्षावरची त्याची माया त्याने तसूभर कमी होत नाही. लांडगा आईबाप म्हातारे होऊन मरतात, तेव्हा तो गुहेच्या तोंडावर मोठा धोंडा लोटतो आणि त्यांच्यासाठी मृत्यूचं गाणं गातो. तुमच्या पत्रात एक भीती आहे, जी तुम्ही लिहिलेली नाही: त्याला कळल्यावर मी त्याची कोण उरेन? ते पान मी तुमच्यासाठी इथे लिहून ठेवलं.

पेंचला नक्की जा. त्याला नकाशा द्या गाडीत. सिवनीच्या टेकड्या, म्हणजे मोगलीचं गाव, आणि तुमचं नागपूर, यांच्यामध्ये हेच जंगल पसरलंय, काही मध्य प्रदेशात, काही नागपूर जिल्ह्यात. पुस्तकातली ‘वैनगंगा’ म्हणजे आपली भंडाऱ्याची वैनगंगा, सिवनी जिल्ह्यात उगम पावून खाली येणारी. एका गोष्टीत दख्खनच्या रानकुत्र्यांची झुंड चाल करून येते, आणि मोगली त्यांना वैनगंगेच्या कड्यावरच्या मधमाश्यांच्या पोळ्यांखाली ओढून नेतो. ती सगळ्यात थरारक गोष्ट आहे. पेंचमध्ये ती रानकुत्री, कोळसून, दिसतात कधी कधी, नशीब लागतं म्हणा. मालिकेतला किच्ची नावाचा तो लाल पांडा मात्र दिसणार नाही. तो हिमालयातला प्राणी, जपान्यांना आवडला म्हणून सिवनीत आणून ठेवला. मुलगा विचारेल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

रविवारी रात्री, बोलणं झाल्यावर, मालिका लावू नका. त्या रात्री तिघांनी लवकर जेवा आणि त्याला हवं असेल तर मध्ये झोपू द्या. टेबलाखालच्या गुहेचं तो म्हणाला तर जा, नाही म्हणाला तर आठवण करू नका. सोमवारी जेवताना पुढचा भाग लावा, जिथे थांबलात तिथून. आणि या वेळी तुम्हीही ताट घेऊन त्याच्या शेजारी बसा.

तुमची,
ताई